मुलीला विचारायचं की सरळ सांगायचं?

प्रश्न: नोकरीमुळे आम्हाला दुसऱ्या गावी जावंच लागणारे, पण आमची ९ वर्षांची मुलगी शाळा बदलायला तयार नाहीये. मुलांच्या हक्कांबद्दल वाचलं की वाटतं, आपण तिच्यावर अन्याय करतोय का?

उत्तर: जावं लागणं हा अन्याय नाही हो, पण तिला काहीच न विचारता सगळं उरकलंत तर मात्र होईल. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकायचं आणि वय, समज बघून त्याला महत्त्व द्यायचं, म्हणजे शेवटचा निर्णय तिच्यावर टाकायचा असं नाही, आणि टाकूही नका, एवढ्याशा पोरीवर ते ओझं नको. आधी खरं सांगा, का जातोय, कधी, काय बदलता येणार नाही. मग जे खरंच तिच्या हातात देता येईल ते द्या, नवीन शाळा बघायला तिलाही न्या, मैत्रिणींशी कॉन्टॅक्ट कसा ठेवायचा ते तिलाच ठरवू दे. तिने सुचवलेलं जमलं नाही तर का नाही तेही सांगा, हे बऱ्याच घरांत राहूनच जातं आणि मग मुलं पुढच्या वेळी बोलायचंच सोडतात. रडली तर रडू द्या, लगेच समजूत काढायची घाई नको.