बर्गनमध्ये एक दिवस

प्रश्न : आमची क्रूझ नॉर्वेत बर्गनला सकाळी आठ ते संध्याकाळी पाच थांबेल. सोबत सत्तरीची आई आहे. काय पाहावं?

उत्तर : उतरल्याबरोबर फ्लॉयबानेन ही डोंगरावर चढणारी रेल्वे गाठा, उशीर केलात तर इतर जहाजांची गर्दी रांगेत पुढे असेल. काही मिनिटांतच ३२० मीटर उंचीवर पोचाल, आईंना चढण नाही. ढग खाली उतरले असतील तर मात्र वरून काहीच दिसत नाही. मग आधी ब्रिगेन पाहा. १७०२च्या आगीनंतर जुन्याच पद्धतीने उभारलेली ही लाकडी व्यापारी घरं. समोरच्या रंगीत भिंतींचे फोटो काढून परतू नका, मधल्या बोळांत शिराच! तिथल्या ओल्या फळ्या निसरड्या असतात. आईंच्या पायात रबरी तळव्याचे बूट हवेत. छत्री वाऱ्याने उलटते, टोपीवाला रेनकोट घ्या. मासळीबाजारात भाव विचारूनच ऑर्डर द्या.