माळ्यावरच्या अकरा पिशव्या

"मॅडम, मला शिस्त लावा." खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

जूनचा दुसरा आठवडा होता. दादरला माझ्या समुपदेशनाच्या खोलीच्या दारात ओल्या छत्र्यांचा ढीग पडला होता. या बाई मुलुंडहून आल्या होत्या, वय चोपन्न, फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि नावही घेत नाही, नुसतं ताई म्हणते.) तक्रार एकच होती. त्यांना हातानं गोधडी शिवायची होती. मशीनवर नाही, सुईदोऱ्यानं, धावदोरा घालत. तीन वर्षं झाली, मुहूर्त लागत नव्हता, कारण माळ्यावर अकरा पिशव्या अर्धवट पडल्या होत्या. "ते सगळं तसंच टाकून नवीन कसं हातात घेऊ? आणि तेवढं संपवायला वेळ कुठाय?"

ही काळजी माझ्याकडे बऱ्याच रूपांत येते. कुणाची पेटी धूळ खात पडलेली असते, कुणाची चित्रं, कुणाचा आत्मचरित्राचा पहिला भाग. वेळ नाही असं म्हणत माणूस येतो आणि वेळापत्रक मागतो. मीही पहिल्या भेटीत ते देऊन टाकलं, रोज रात्री साडेनऊ ते दहा. आज वाटतं, तो माझा आळस होता.

पंधरा दिवसांनी ताई आल्या त्या वैतागूनच. साडेनऊला त्या स्टुलावर चढायच्या, माळ्यावरून एक पिशवी काढायच्या, डांबरगोळीचा वास झटकायच्या, साड्यांच्या घड्या उलगडायच्या, पुन्हा घालायच्या. तोवर दहा वाजलेले. पंधरा दिवसांत एकही टाका पडला नाही. त्यात अहो म्हणाले, "पिशव्यांना हवा लागली, हेही काही कमी नाही." ते मला म्हणून दाखवताना त्यांना हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणीही.

इथं एक गोष्ट सांगते, कारण हा प्रश्न वाचणाऱ्यांच्याही मनात येत असेल. कामं अर्धवट राहणं हे कधी कधी दुसऱ्याच दुखण्याचं लक्षण असतं. कशातच मन लागत नाही, झोप उडालीय, भूक गेलीय, किंवा लहानपणापासून सगळीकडेच हे चाललंय, बिलं राहतात, ऑफिसातली कामं राहतात, असं असेल तर मी आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटायला सांगते. ताईंचं तसं नव्हतं. त्यांच्या काउंटरचा हिशेब रोजच्या रोज जुळत होता. अडत होतं ते फक्त माळ्यावर.

मग तिसऱ्या भेटीला त्यांना एकच काम सांगितलं. पिशव्या उघडायच्या नाहीत, संपवायच्या नाहीत. प्रत्येकीबद्दल दोनच गोष्टी लिहायच्या: ही कुणाची आणि नेमकी कुठं अडलीय.

बँकेच्या जुन्या स्लिपच्या मागे त्यांनी नेटकी यादी करून आणली. यादी वाचता वाचता आम्ही दोघीही गप्प झालो. अकरांतल्या सहा पिशव्या त्यांच्या नव्हत्याच! चार वर्षांपूर्वी त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मशीनवर शिवलेल्या एका गोधडीचा फोटो टाकला होता. तेव्हापासून लोक साड्या आणून देत होते. "आईच्या साड्या आहेत, टाकवत नाहीत, तुमच्या हातात कला आहे." यांना नाही म्हणता येईना. मजुरी विचारायचं तर स्वप्नातही नाही. दुसऱ्यांच्या आया, सासवा, आज्या ताईंच्या घराच्या माळ्यावर येऊन बसल्या होत्या.

उरलेल्या पाचांत मशीनवर शिवून काठ लावायचा राहिलेला एक पलंगपोस होता, क्रोशाचा एक टेबलक्लॉथ होता, कापून ठेवलेल्या दोन गोधड्या होत्या आणि एक दुपटं. ते दुपटं ज्या बाळासाठी होतं, ते आता दुसरीत आहे.

दुसरा रकाना मला जास्त मोलाचा वाटला. सहा परक्या पिशव्या आणि त्या दोन गोधड्या, मिळून आठ, एकाच जागी थांबल्या होत्या. ताईंनी आठही वेळा एकच शब्द लिहिला होता, "अंथरणं".

ज्यांनी गोधडी शिवलीय त्यांना हे लगेच कळेल. कापड कापणं सोपं, टाके घालणं सोपं. पण त्या दोन्हींच्या मध्ये तीन-चार थर एकावर एक सरळ अंथरावे लागतात, सुरकुती काढावी लागते आणि कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावं लागतं. पाच फूट बाय साडेसात फुटांची गोधडी, म्हणजे तेवढी मोकळी जमीन हवी आणि सलग दोन-अडीच तास. ताईंच्या हॉलमध्ये दिवाण, टीपॉय, शिलाई मशीन आणि सासूबाईंची आरामखुर्ची. दिवाण हलवायचा तर दोन माणसं लागतात. रविवारी हलवायचा म्हटलं तर पाहुणे येतात. गेली तीन वर्षं आळशी, आळशी म्हणून ज्या बाईनं स्वतःला कोसलं, तिच्याकडे खरी उणीव होती ती साडेसदतीस चौरस फूट जमिनीची.

मुंबईत राहणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

मग "अर्धवट" या शब्दाकडे वळलो. ताई म्हणाल्या, "सीरिअल बघताना, भाजी चिरताना, मला त्या पिशव्याच दिसतात हो." याला मानसशास्त्रात जुना संदर्भ आहे. ब्लुमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये केलेले प्रयोग १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. लोकांना कोडी, मातीकाम अशी छोटी कामं दिली, काही मध्येच थांबवली, आणि थांबवलेली कामं लोकांना जास्त आठवली. पुढच्या प्रयोगांत स्मरणाचा हा भाग दर वेळी तसाच दिसला असं नाही. पण त्यांच्याच सहकारी मारिया ओव्हसियान्किना यांनी १९२८ मध्ये दाखवलेली गोष्ट मला कामात रोज दिसते: सुटलेलं काम हात पुन्हा स्वतःकडे ओढतं. आणि ताईंना मी मुद्दाम सांगितलं ते २०११ सालचं मासिकॅम्पो आणि बॉमाइस्टर यांचं संशोधन. राहिलेलं काम मनात घुसत राहतं, पण ते पुरं न करताही नुसती नेमकी योजना ठरवली तरी ही घुसखोरी बरीच कमी होते.

"म्हणजे संपवायला नको?" ताईंनी विचारलं. आवाजात थोडा संशय होता, बँकेत सही न जुळल्यावर येतो तसा.

"काय करायचं ते ठरवायला हवं. परत करायचं हेसुद्धा ठरवणंच आहे."

सहा फोन करायचे ठरले. काय बोलायचं ते आम्ही खोलीत दोनदा म्हणून बघितलं, कारण पहिल्यांदा त्यांनी वाक्याची सुरुवातच "सॉरी, माझंच चुकलं" अशी केली. ते काढून टाकलं. "तुमच्या साड्या माझ्याकडे सुखरूप आहेत. माझ्याच्यानं शिवणं होणार नाही. शनिवारी आणून देऊ का?" एवढंच.

तिघींनी आनंदानं परत घेतल्या. एक तर म्हणाली, "अगंबाई, तुझ्याकडे होत्या होय! आम्ही घरभर शोधल्या." चौथी म्हणाली, कुणाला तरी देऊन टाका. पाचवी नणंद, तिला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. हे आधी धरून चाललो नव्हतो, तो माझा दोष. नाही म्हणण्याची किंमत किती पडेल हे घरच्या माणसांच्या बाबतीत आधीच बोलायला हवं होतं. सहावी शेजारीण. तिची पिशवी ताईंनी स्वतःहून ठेवली, पण तिला "पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर" असं सांगून.

त्यांच्या स्वतःच्या पाचांपैकी दुपटं मोलकरणीच्या नातीला गेलं, पलंगपोसाला मशीनवर एका रविवारी काठ लागला, क्रोशा त्यांनी चक्क उसवला. उसवताना त्यांना फार बरं वाटलं म्हणे. दोन गोधड्या राहिल्या. त्यातली एक निवडली.

आता वेळेचा हिशेब. तो मी त्यांनाच करायला लावला, बँकवाल्या आहेत. नव्वद इंच लांबीची एक ओळ धावदोऱ्यानं घालायला त्यांना अर्धा तास लागला. इंचाइंचावर ओळ घेतली तर साठ इंच रुंदीला साठ ओळी, म्हणजे तीस तास.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. मग पाच सेकंदांनी, "एवढं?"

टाक्यांच्या ओळी जोडल्या तर साधारण १३७ मीटर होतात, बारा डब्यांच्या लोकलच्या निम्म्याहून थोडं जास्त. रोज पंधरा मिनिटं धरली तर चार महिने. तीन वर्षं जी गोष्ट आभाळाएवढी होती, तिला एक आकडा मिळाला.

राहिला अंथरण्याचा प्रश्न. त्यावर उपाय ताईंनीच शोधला, मला ते सुचलंच नसतं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी नावाची ठिगळांची गोधडी शिवतात, ती एका कडेपासून सुरू होते. पुढचं ठिगळ ठेवायचं, टाचायचं, कडेकडेनं फेरी घेत मध्याकडे सरकायचं. वरचा थर आधी सगळा अंथरून घ्यावा लागत नाही, काम मांडीवर चालतं. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुलं बसली की कवंदी पुरी झाली म्हणायची. ताईंनी तळाला एक जुनी सुती साडी दुहेरी घेतली आणि एका कोपऱ्यातून सुरुवात केली. दिवाण जागचा हलला नाही.

लहान लहान युक्त्या त्यांच्या त्यांनीच काढल्या. सुई ओवण्यात डोळे शिणतात, म्हणून सकाळी कॉलेजला जाताना मुलगा सात-आठ सुया ओवून टाचणीच्या उशीवर खोचून ठेवतो. दोरा हातभरच, जास्त लांब घेतला की गुंता होतो. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या धीम्या गाडीत बसायला मिळतं, तिथं त्या ठिगळांच्या कडा दुमडतात, सुई काढत नाहीत. "कुर्ल्याला गर्दी आत येते, कुणाच्या हाताला लागली तर?" गाडीत कुणी वाटाणे सोलतं, कुणी गजरा करतं, तसं हे. खरे टाके रात्री, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून. घड्याळ लावायचं नाही असं त्यांनी ठरवलं, एक सुई संपली की उठायचं. एक सुई म्हणजे चार-पाच मिनिटं, हेही त्यांनी मोजलंच.

सप्टेंबरात शेवटच्या भेटीला गोधडी सोबत आणली होती. निम्म्याच्या जरा अलीकडे. गणपतीत दहा दिवस हात लागला नव्हता आणि त्याबद्दल त्या स्वतःला एक शब्दही बोलल्या नव्हत्या, हे मी टिपून ठेवलं. मी टाक्यांवरून बोट फिरवलं. सुरुवातीच्या फेऱ्यांत टाके तांदळाएवढे, एकसारखे, परीक्षेला बसल्यासारखे. मध्याकडे ते थोडे मोठे, थोडे वाकडे झाले होते. मला ते मधले जास्त आवडले, तसं बोललेही.

निघताना त्या दारापाशी घुटमळल्या.

"एक सांगायचं होतं. गेल्या आठवड्यात आणखी एक पिशवी घेतली. वरच्या मजल्यावरच्या काकूंची."

"का हो?"

"इरकल होती, मॅडम. काठ बघितलात तर तुम्हीही घेतली असती." मग पर्समधून ती जुनी बँकेची स्लिप काढून मला दाखवली. मागे बारावी ओळ वाढली होती: काकूंची, दिवाळीनंतर, मजुरी सांगितली.