समुद्री गोगलगायीची नवी प्रजाती सापडली, हे नेमकं ठरतं कसं?

तुम्ही विचारलंय की ओहोटीला कातळावरच्या डबक्यात एक रंगीत सी स्लग, म्हणजे समुद्री गोगलगाय, दिसला, कुठल्याच पुस्तकात तसा फोटो नाही, मग ती नवी प्रजाती धरायची का, आणि नाव आपल्याला देता येईल का.

असेलही नवी. पण पुस्तकात नसणं हा फार कच्चा पुरावा. एकाच प्रजातीत रंग बदलतात, पिल्लं मोठ्यांसारखी दिसत नाहीत, आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वी भलत्याच किनाऱ्यावर कुणीतरी बारसं उरकलेलं असू शकतं. मी मृदुकाय, म्हणजे गोगलगायी-शिंपल्यांसारख्या मऊ अंगाच्या प्राण्यांवर काम करते. निम्मा वेळ असले जुने निबंध धुंडाळण्यातच जातो.

म्हणून नमुना लागतो. फोटो जिवंत असतानाच काढायचे, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतो. अल्कोहोलमध्ये टाकण्याआधी मॅग्नेशियम क्लोराइडने गुंगी द्यायची, नाहीतर प्राणी असा आक्रसतो की शिंगं कुठली नि कल्ले कुठले कळत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन. जननेंद्रियं बघायची, आणि रॅड्युला, म्हणजे तोंडातली दातांची पट्टी. एका ओळीत दात किती, मधल्या दाताला टोकं किती, सगळं मोजायचं. जोडीला डीएनए.

यातही अपवाद आहेतच. 2024 मध्ये झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या (झेडएसआय) संशोधकांनी मेलानोक्लामिस द्रौपदी ही प्रजाती जाहीर केली, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या नावाने. पश्चिम बंगालमधलं दिघा आणि ओडिशातलं उदयपूर इथल्या किनाऱ्यांवरची. लांबी जेमतेम 7 मिलिमीटर, रंग तपकिरी-काळा, मागच्या बाजूला माणकासारखा लाल ठिपका. ओल्या वाळूत सरकते तेव्हा वर माग उमटतो. या मेलानोक्लामिस गटाला रॅड्युलाच नसतो, त्यामुळे दात मोजायचा प्रश्नच मिटला.

आणि नुसतं दिसणं किती अपुरं असतं बघा. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागराजवळ 2000 साली, सुमारे 2,600 मीटर खोल, पाणबुडी यंत्राच्या कॅमेऱ्यात एक पारदर्शक, स्वतः उजळणारा प्राणी आला. तोंडाभोवती मोठी झालर, शेपटाला बोटांसारखे फाटे. पुढे तो दीडशेहून जास्त वेळा दिसला. हाही सी स्लगच, पण बॅथीडेव्हियस कॉडॅक्टायलस हे नाव मिळालं 2024 मध्ये, आणि त्याच्यासाठी नवं कुळच करावं लागलं!

नावाचं म्हणाल तर, जो वर्णन छापतो तो नाव देतो. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या प्रजातीचा अधिकृत मूळ नमुना, ठरवून संग्रहालयात ठेवावा लागतो. स्वतःचं नाव कुणी देत नाही, ते वाईट दिसतं. शोधून देणाऱ्याचं मात्र पुष्कळदा देतात, तेव्हा आशा सोडू नका.

तूर्त प्राणी उचलू नका. वरून, बाजूने आणि डोक्याजवळून फोटो घ्या, शेजारी नाणं ठेवा, तारीख-ठिकाण लिहून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तो कशावर बसला होता तेही टिपा, स्पंजवर की हायड्रॉइडवर (झुडपासारखे दिसणारे बारीक समुद्री प्राणी). बरेच सी स्लग ठरावीक भक्ष्यच खातात, आणि नेमकी हीच नोंद लोक गाळतात.