डीलरच्या खुर्चीत बसायचं असेल तर

प्रश्न: आम्ही मानेवाड्याला राहतो. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला शेअर बाजाराच्या ट्रेडिंग रूममध्येच नोकरी हवी आहे. ओरडणारी, हातवारे करणारी माणसं आणि समोर सहा-सहा स्क्रीन, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. एका क्लासने नोकरीची हमी देऊन सव्वा लाख फी सांगितली. शिवाय मोबाइलवर ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे, करून त्याने चाळीस हजार घालवले. ही नोकरी आहे की जुगार? – एक आई, नागपूर

उत्तर: ताई, डीलरची, म्हणजे ब्रोकरकडे बसून ग्राहकांच्या ऑर्डरी टाकणाऱ्याची, ही नोकरी आहे आणि चांगली आहे. फक्त ती ओरडाओरड आपल्याकडे तीस वर्षांपूर्वीच थांबली. कळमन्याच्या यार्डात मालाच्या ढिगाभोवती व्यापारी जमतात आणि उघड बोली लागते, तसेच सौदे पूर्वी मुंबई शेअर बाजाराच्या ‘रिंग’मध्ये व्हायचे. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने शेअर्सचे सौदे संगणकावरच सुरू केले. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराने ‘बोल्ट’ ही संगणक यंत्रणा आणली आणि रिंग संपली.

आता बोली यंत्र जुळवतं. ज्याचा भाव सरस, त्याचा नंबर आधी. भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली, त्याचा. मुलाला हे वहीत मांडायला सांगा. विकणारे असे उभे आहेत: ४१२.६० ला १२० शेअर, ४१२.७० ला २००, ४१३.०५ ला ९००. कोणी ‘मार्केट’ भावाने, म्हणजे मिळेल त्या भावाने, ५०० घेतले तर पहिले १२०, मग २०० आणि उरलेले १८० शेवटच्या भावाने मिळतील. सरासरी पडेल ४१२.८०. स्क्रीनवर ४१२.६० दिसत होता, मग जास्त का लागले, असा फोन ग्राहकाकडून येणारच. त्याला हे शांतपणे समजावता आलं पाहिजे. डीलरच्या कामाचा मोठा भाग हाच आहे.

सीताबर्डी, धरमपेठ, रामदासपेठेत ब्रोकरांच्या शाखा आहेत. तिथला डीलर स्वतःच्या अंदाजावर सौदे करत नाही, ग्राहकाची ऑर्डर टाकतो. बाजार सव्वानऊ ते साडेतीन. त्याआधी नऊपासून प्री-ओपन, म्हणजे सुरुवातीचा भाव ठरवायची वेळ. म्हणून डीलर साडेआठलाच येऊन बसतो: कोणाचं मार्जिन (सौद्यासाठी आधी ठेवायची रक्कम) कमी पडतंय, आज कोणत्या शेअरची एक्स-डेट आहे (त्या दिवसापासून घेणाऱ्याला जाहीर झालेला लाभांश मिळत नाही), कोणत्या शेअरमध्ये फ्युचर्सचे (पुढच्या तारखेचे) नवे सौदे घ्यायला बंदी आहे, हे आधी पाहतो. फोन आला की ग्राहकाचा कोड, शेअरचं नाव, घ्यायचं की विकायचं, नग आणि भाव हे पाचही मोठ्याने परत म्हणायचे, मग एंटर. कॉल रेकॉर्ड होतो. उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

चुका बहुतेक बोटाच्या असतात. नेहमीच्या टर्मिनलवर एफ-१ म्हणजे खरेदी, एफ-२ म्हणजे विक्री. दोन्ही बटणं शेजारी. नगाच्या जागी भाव टाकणं, एक शून्य जास्त पडणं, सारख्या नावाची दुसरीच कंपनी निवडणं, हेही रोजचंच. अशी चूक झाली की लपवायची नाही, लगेच वरिष्ठांना सांगून तो सौदा ब्रोकरच्या ‘एरर’ (चुकीच्या सौद्यांच्या) खात्यात घ्यायचा आणि उलटा करायचा. ‘भाव वर येईल, मग काढू’ म्हणून थांबलं की शंभराचा तोटा हजारावर जातो. ५ ऑक्टोबर २०१२ ला एका ब्रोकरकडून सुमारे ६५० कोटींच्या चुकीच्या ऑर्डरी गेल्या, काही क्षणांत राष्ट्रीय शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी १५ टक्क्यांच्या आसपास कोसळला आणि बाजार थोडा वेळ बंद पडला. त्यामुळेच ऑर्डर बाजारात जाण्याआधी ब्रोकरची रिस्क यंत्रणा ती तपासते आणि मर्यादेबाहेरची अडवते.

ट्रेडिंगची दुसरी खोली मुंबईत, बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा स्वतःचा पैसा सांभाळणाऱ्या विभागात. तिथे डॉलर आणि सरकारी रोख्यांचे सौदे होतात. तिथला कडक नियम असा की सौदा करणारा वेगळा, मर्यादा मोजणारा वेगळा आणि पैसे-कागद जुळवणारा वेगळा. बेअरिंग्ज या ब्रिटिश बँकेच्या निक लीसनकडे सिंगापुरात सौदे आणि सेटलमेंट दोन्ही होतं. त्याने तोटा लपवत नेला आणि १९९५ मध्ये २३३ वर्षांची बेअरिंग्ज बँक बुडाली. ट्रेझरीत जायला एम.बी.ए. फायनान्स किंवा सी.ए. लागतं. संगणकाच्या प्रोग्रामने सौदे करणाऱ्या कंपन्यांना तर गणित आणि कोडिंग पक्कं असलेली मुलं हवी असतात. बी.कॉम.वर सरळ तिथे शिरणं अवघड आहे, हे त्याला आत्ताच स्पष्ट सांगा.

सव्वा लाख मात्र देऊ नका. डेरिव्हेटिव्हजच्या (फ्युचर्स-ऑप्शन्सच्या) डीलरला लागतं ते एन.आय.एस.एम. या सेबीने उभारलेल्या प्रशिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र (सेबी म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था): सिरीज ८, इक्विटी डेरिव्हेटिव्हज. फी काही हजारांच्या आत, अभ्यासाचं पुस्तक त्यांच्याच संकेतस्थळावर. १०० प्रश्न, दोन तास, पास व्हायला ६० टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, तेव्हा तुक्का चालत नाही. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. रोज दोन तास दिले तर दीड-दोन महिन्यांत होईल. त्यानंतर सिरीज ७, म्हणजे ऑपरेशन्स आणि रिस्क मॅनेजमेंट. बॅक ऑफिसची जागा मिळाली तर ती कमी समजू नये. सौद्याच्या दुसऱ्या दिवशी शेअर आणि पैसे पोचतात, त्यामागची सगळी जुळवाजुळव तिथेच शिकायला मिळते, आणि पुढे रिस्कच्या कामाला ती उपयोगी पडते.

आता ते चाळीस हजार. मुलाला रागावू नका, पण ऑप्शन्स आजपासून बंद. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ तोट्यात होते. तसंही नोकरी लागल्यावर स्वतःच्या खात्यातल्या सौद्यांना मालकाची परवानगी लागेल. ग्राहकाची मोठी ऑर्डर माहीत असताना त्याआधी स्वतःसाठी सौदा टाकणं हे फ्रंट-रनिंग, म्हणजे गुन्हा. घरच्या माणसाच्या खात्यातून केलं तरीही.

त्याच्या मोबाइलमधली त्या सौद्यांची कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने पाठवलेली पावती) काढा आणि ब्रोकरेज, एस.टी.टी. (शेअर बाजारातल्या सौद्यांवरचा कर), जी.एस.टी., स्टँप ड्युटी ही प्रत्येक ओळ त्याला तुम्हाला समजावून सांगायला लावा. जी ओळ सांगता येणार नाही, अभ्यास तिथून सुरू करायचा.