हॉस्टेलच्या ताटातला तिसरा हिस्सा

बडोदे

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम.

तुझे पत्र पोहोचले. बिस्किटांच्या पुड्यावरील आकड्यांपासून मेसमधल्या पनीरपर्यंत तू विचारलेले बहुतेक प्रश्न काय खावे आणि काय टाळावे याविषयीचे आहेत. त्यांची उत्तरे थोडक्यात देतो, कारण हे पत्र मला मुख्यतः तू न विचारलेल्या प्रश्नासाठी, म्हणजे किती आणि केव्हा खावे यासाठी, वापरायचे आहे.

पाकिटावरील हिरव्या ठिपक्याचा अर्थ आत मांस, अंडे, चरबी किंवा जिलेटिन नाही असा होतो. दूध आणि मध मात्र चालतात. आयएनएस ४७१ हा तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा घटक वनस्पती तेलापासूनही तयार होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, म्हणून तो नुसता दिसला की मुले बिचकतात. पण पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर तो वनस्पतिजन्य समजायला हरकत नाही. अल्कोहोलबद्दल हा ठिपका काहीच सांगत नाही, तेव्हा स्वादद्रव्य घातलेल्या केक-चॉकलेटांवरची घटकांची यादी वाचत जा. औषधाच्या कॅप्सूलचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिचे आवरण बहुधा प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. त्याबाबत एखाद्या जाणत्या आलिमांना (धर्मपंडितांना) विचार. मी आयुष्यभर आहारशास्त्र शिकवले, फतवा देणे हे माझे काम नव्हे.

शाकाहारी मेसमध्ये जेवणाऱ्या मुलाला बडोद्यात हलालची अडचण फारशी येत नाही, अडचण येते ती मापाची. कुरआनच्या सूरह अल-आराफमधील ३१व्या आयतीत खाण्यापिण्याची परवानगी आणि अतिरेकाची मनाई एकाच दमात दिलेली आहे. त्या मनाईचे माप मिकदाम बिन मअदीकरिब यांनी कथन केलेल्या, तिर्मिजींच्या संग्रहातील हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनात) सापडते. पाठ ताठ राहील एवढे मोजके घास माणसाला पुरेसे आहेत, आणि त्याहून जास्त खायचेच असेल तर पोटाचा एक तृतीयांश भाग अन्नाला, एक तृतीयांश पाण्याला आणि एक तृतीयांश श्वासाला द्यावा, असा तिचा आशय आहे. अनेकजण हा तिसरा हिस्सा आदर्श म्हणून सांगतात. मला विचारशील तर आदर्श आहे तो मोजक्या घासांचा. तिसरा हिस्सा ही ज्याला तेवढ्यावर राहवत नाही त्याच्यासाठी आखलेली शेवटची रेघ आहे, आणि आपण सगळे त्याच वर्गात मोडतो.

पोटाला फूटपट्टी लावता येत नाही, म्हणून मेसमध्ये ही रेघ कशी पाळायची ते सांगतो. गुजराती रोटली कागदासारखी पातळ असते आणि वाढणारा मागे उभाच असतो, त्यामुळे किती पोटात गेल्या याचा हिशेब कोणालाच लागत नाही. रोटल्या, शाक, दाळ आणि भात जेवढे लागतील असे वाटते तेवढे एकदाच वाढून घे आणि वाढणाऱ्याला हात आडवा कर. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण २० मिनिटे लागतात आणि हॉस्टेलची मुले तेवढ्या वेळात जेवून खोलीवर गेलेलीसुद्धा असतात. बसून जेवणे, बिस्मिल्ला म्हणून उजव्या हाताने आपल्या समोरचे खाणे, ताटात काही न टाकणे हे आदब (जेवणाचे शिष्टाचार) लहानपणी तुझ्याकडून घोकून घेतले असतील. ते मोबाइल बाजूला ठेवून पाळले तर जेवणाचा वेग आपोआप उतरतो. एका हाताने रील सरकवत केलेल्या जेवणात बिस्मिल्ला कधी झाली आणि अल्हम्दुलिल्लाह म्हणायचे कधी राहून गेले, हे जेवणाऱ्यालाही कळत नाही.

अतिरेक फक्त मेसमध्येच होतो असेही नाही. संध्याकाळी फतेहगंजच्या बाजूला सेव उसळीच्या गाडीपाशी उभा राहून नीट बघ. बशीत आधी वाटाण्याची उसळ पडते आणि तीत वाईट असे काहीच नाही, उलट मेसच्या पातळ दाळीपेक्षा ती कितीतरी सकस असते. मग तिच्यावर लाल तेलाची तर्री ओतली जाते, मूठभर सेव आणि हिरवा कांदा येतो, सोबत पाव मिळतात आणि तर्री पुन्हा मागितली तरी गाडीवाला नाही म्हणत नाही. उसळ तीच राहते आणि तेल-मैदा दुप्पट होतो. आठवड्यातून एखाद्या वेळी खुशाल खा, पण तर्री एकदाच घे, पाव दोनावर थांबव आणि त्या रात्री मेसचे जेवण निम्मे कर. (आपली उसळ इथे येऊन सेव पांघरून बसली, याचा अभिमान बाळगायला मात्र माझी ना नाही.)

आता उलट टोकाचे बोलतो, कारण तुझ्या पत्रातल्या एका ओळीने मी थबकलो. सकाळी चहा आणि खारीवर भागवतोस, दुपारी वर्ग असला की जेवण सोडतोस, आणि यातून नफ्सवर (मनाच्या वासनांवर) ताबा येतो असे तुला वाटते. बुखारींच्या संग्रहात तिघा जणांची हदीस आहे. त्यांच्यापैकी एकाने रोज रोजा धरण्याचा निश्चय केला, तेव्हा पैगंबरांनी (स.) सांगितले की मी रोजे धरतो आणि सोडतोही. त्याच संग्रहात पैगंबरांचे एक साथी सलमान फारसी दुसरे साथी अबू दरदा यांना बजावतात की तुझ्या स्वतःचाही तुझ्यावर हक्क आहे, आणि पैगंबर (स.) त्याला दुजोरा देतात. उपास करायचाच असेल तर सोमवार-गुरुवारचे नफिल (ऐच्छिक) रोजे आहेत. त्यांना नियत (मनाचा संकल्प) असते, सहरी (पहाटेपूर्वीचे जेवण) असते आणि संपण्याची वेळ असते. आळसामुळे किंवा वेळापत्रकामुळे बुडालेल्या जेवणाला इबादत (उपासना) समजू नकोस.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुझ्यासारख्या ६० किलोच्या मुलाला सुमारे ५० ग्रॅम. शाकाहारी मेसमध्ये ती मिळवावी लागतात. मेसबाहेर घेतलेल्या एका उकडलेल्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात आणि मूठभर शेंगदाण्यांत जवळपास तेवढीच. बाकीची भर घट्ट दाळ, दही आणि रात्री भिजवून ठेवलेल्या हरभऱ्यांनी पडते. जेवणाला लागून चहा घेऊ नकोस, त्याने अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. त्याऐवजी दाळीवर लिंबू पिळ.

कोकणातून येणारी सुकट बंद डब्यातच राहू दे. शाकाहारी सोबत्याच्या खोलीत ती उघडणे शेजारधर्माला धरून नाही, आणि तो वास गाद्यांतून लवकर जातही नाही. पैगंबरांनी (स.) आपले साथी अबू जर यांना रस्सा शिजवताना पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवायला सांगितले होते. तेव्हा खोलीत कधी काही रांधलेस तर सोबत्याला चालेल असे रांध. भाज्या घातलेली खिचडी दोघांत केली की तिसऱ्यालाही पुरते.

रमजानबद्दल लिहायचे तर तो दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे पुढची काही वर्षे तो हिवाळ्याकडे जाईल आणि रोजे लहान होत जातील. तरीही अभ्यास बिघडवतो तो रोजा नसून मगरिबनंतरचे (सूर्यास्ताच्या नमाजनंतरचे) तळण आहे. खजूर आणि पाण्याने रोजा सोड, नमाज पढ आणि मग साधे जेव. माछीपीठच्या खाण्याच्या गाड्यांवर मित्रांबरोबर जायचे असेल तर एखादी संध्याकाळ ठरवून जा, रोजचा रिवाज करू नकोस. तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजनंतर) जागण्यासाठी कॉफी घेतलीस तर झोप उशिरा लागते आणि सहरी बुडते, आणि सहरीत बरकत आहे, ती घ्या, असा तर पैगंबरांचा (स.) स्पष्ट हुकूम आहे. पाणी सहरीला एकदम ढोसण्यापेक्षा इफ्तारपासून (रोजा सोडल्यापासून) थोडे थोडे पीत राहा. एखादा आजार असेल किंवा नियमित औषध चालू असेल तर रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांना भेट; आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

सहरीची सोय मात्र आयत्या वेळी होत नाही. चंद्र दिसण्याच्या पंधरा दिवस आधी मेसच्या व्यवस्थापकांना भेटून रोजेदार मुलांची नावे दे आणि रात्रीच्या जेवणातल्या रोटल्या व कोरडे शाक डब्यात बांधून मिळेल का ते विचार. दही आणि केळी तुम्ही मुले वर्गणी काढून आणा. व्यवस्थापक नाही म्हणाले तर मला कळव, मी येऊन बोलेन.

खुदा हाफिज.

तुझा,
चाचा