मुलाला अ‍ॅटोपिक एक्झिमा आहे. अशा रुग्णांत 'अँटीबॉडी जनुकांचा वापर वेगळा' असं वाचलं. म्हणजे जनुकात दोष आहे का? तपासून घ्यावं का?

दोष नाही. 'वापर' हा शब्दच फसवा आहे. काही वर्षं मी बी पेशींमधल्या (अँटीबॉडी बनवणाऱ्या रक्तपेशींमधल्या) या जनुकांचे क्रम वाचायचं काम केलंय, आणि सुरुवातीला मीही फसलो होतो.

अँटीबॉडीच्या जड साखळीसाठी आपल्या १४व्या गुणसूत्रावर व्ही नावाचे जनुकांचे चाळीसेक कामाचे तुकडे असतात. प्रत्येक बी पेशी त्यातला एक उचलून त्याला एक डी आणि एक जे तुकडा जोडते. (ही जोडणी उलगडणाऱ्या सुसुमु तोनेगावांना १९८७चं नोबेल मिळालं.) प्रश्न एवढाच असतो, की अ‍ॅलर्जीच्या आयजीई अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी एखादा तुकडा वाजवीपेक्षा जास्त उचलतात का.

१९९०च्या दशकात दमा आणि एक्झिमाच्या काही रुग्णांच्या आयजीईत व्ही तुकड्यांचं व्हीएच५ हे घराणं (एकमेकांसारख्या तुकड्यांचा गट) जास्त दिसलं. घराणं चिमुकलं, कामाची जनुकं जेमतेम दोन, म्हणून ते डोळ्यांत भरलं. मग तर्क निघाला, की एखादा सुपरअँटिजेन, म्हणजे एका घराण्याच्या सगळ्याच अँटीबॉडींना चिकटणारा पदार्थ, या पेशींना घाऊक उठवत असेल. तर्क अगदीच हवेतला नव्हता. एक्झिमाच्या त्वचेवर ठाण मांडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं प्रोटीन-ए व्हीएच३ घराण्याच्या अँटीबॉडींना असंच, अँटिजेन (अँटीबॉडी जे ओळखते तो पदार्थ) धरण्याची नेहमीची जागा सोडून, चिकटतं. पण व्हीएच५चं आधिक्य पुढे सगळ्यांना सापडलं नाही.

गोम मोजणीत आहे. रक्तात आयजीईवाल्या बी पेशी अत्यंत विरळ. त्यातली एक पेशी विभागून तिची शेकडो पिल्लं झाली, की ती सगळी एकच व्ही तुकडा मिरवतात. माझ्या पहिल्या आलेखात एक स्तंभ असाच ताडमाड उंच आला. मी खूश. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "वऱ्हाडी मोजलेस की घरं?" एका पेशीची सगळी पिल्लं मिळून एक घर धरलं, घरं मोजली, आणि स्तंभ बसला!

ही रुग्णासाठीची चाचणी नाही, त्यामुळे त्यामागे धावू नका. आयजीईकडे पेशी वळतात त्या मुख्यतः आयएल-४ आणि आयएल-१३ या पेशींमधल्या रासायनिक संदेशांमुळे. ड्युपिलुमॅब हे औषध या दोघांचाच मार्ग अडवतं. पेशीने कुठला व्ही तुकडा उचललाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते मुलाला हवं की नको हे त्वचारोगतज्ज्ञ सांगतील. तोवर अंघोळ झाल्या झाल्या, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर भरपूर लावा, खाज नसेल त्या दिवशीही.