‘चालतंय की’ सांगलीतच ठेवून जा

काय गं,

तुझी आई परवा मारुती रोडला भेटली, हातात ही लांबलचक यादी, पोळपाट घेऊ का, कुकर किती लिटरचा घेऊ, पोरगी वर्षभर जर्मनीत अनोळखी लोकांच्या घरात राहणार म्हणून तिला झोप नाही. यादी बघितली, निम्मी खोडली. पण तुला जे सांगायचंय ते यादीत बसणारं नाही म्हणून लिहितेय, निवांत वाच, रील बघता बघता वाचू नकोस.

मी गेले तेव्हा तुझ्याएवढीच होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला जेवायला बसवलं, टेबलावर ब्रेड, चीज, बटर, काकडीच्या चकत्या. मला वाटलं हे चहाबरोबरचं काहीतरी असेल, जेवण मागनं येईल, म्हणून एकच स्लाइस घेतला. जेवण तेच होतं! आबेंडब्रोट म्हणतात, म्हणजे संध्याकाळचा ब्रेड, बऱ्याच घरात गरम जेवण दुपारी एकदाच. होस्ट आईनं टोपली पुढं केली, अजून देऊ का, मी आपलं गोड हसून ‘डांके’ म्हटलं. डांके म्हणजे थँक्यू, हे क्लासमध्ये शिकवलेलं. पण कुणी काही देऊ करत असताना नुसतं डांके म्हटलं की त्याचा अर्थ ‘नको’ होतो हे कुणी सांगितलं नव्हतं. गेली टोपली पलीकडं. हवं असेल तर ‘या, बिटं’ म्हणायचं, हे दोन शब्द विमानात बसायच्या आधी पाठ कर.

बरं एवढं कळल्यावर तरी सुधारावं की नाही, पण आपली सवय अशी की पाहुण्यानं तीनदा नको म्हणायचं आणि घरातल्यांनी चौथ्यांदा ताटात टाकायचंच. तिथं एकदा नको म्हटलं की विषय संपला. कंजूष म्हणून नाही गं, तू म्हणालीस ते तुला म्हणायचंच होतं असं ते धरून चालतात. मी आठवडाभर रात्री रजईत तोंड खुपसून घरनं आणलेलं भडंग खाल्लं, कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात धरून मऊ करून.

आणि सगळ्यात मोठा घोळ ‘चालतंय की’चा. खोली गार नाही ना वाटत? चालतंय. अभ्यासाला हे टेबल पुरेल? चालतंय. आमच्या घरात कधी मासे शिजले नाहीत, तरी होस्ट आईनं विचारलं मासे चालतात का, तर वाईट कशाला वाटू द्यायचं म्हणून तेही चालतंय. मग काय, दर शुक्रवारी मासा. तीन महिने गिळला, वर छान झालाय म्हणून सांगितलं, आणि एका शुक्रवारी ताटासमोर बसून रडायलाच लागले. ती माशावरनं अजिबात चिडली नाही. तिनं शांतपणे विचारलं, अजून काय काय आवडतं म्हणून खोटं सांगितलंयस? मी खोटारडी आहे असं मला तोपर्यंत वाटलंच नव्हतं, मला तर वाटत होतं मी लय गुणाची आहे.

नावाचंही तसंच. तिनं पहिल्या दिवशीच सांगितलेलं, मला ‘झी’ म्हणजे तुम्ही नको म्हणू, ‘दू’ म्हणजे तू म्हण आणि नावानं हाक मार. म्हणजे साठीच्या बाईला अगं-तुगं. माझी जीभच वळेना. मग मी तीन आठवडे तिला हाकच मारली नाही, काही हवं असलं की जाऊन समोर उभी राहायची आणि ती वर बघेपर्यंत थांबायची, भूत असल्यासारखी. तू असं करू नकोस. नाव घ्यायला जड जातंय तर तेही सांग, हसतील फार तर.

आता बाथरूम. हे नीट वाच. तिथं बऱ्याच घरात आपल्यासारखी मोरी नसते, जमिनीत पाणी जायला भोकच नाही, पाणी फक्त टबात नाहीतर शॉवरच्या काचेत. मी तांब्या घेऊन गेलेली (होय, तांब्या), दुसऱ्या दिवशी बाहेर उभं राहून मस्त पाय धुतले आणि शेवटी फरशीवर दोन तांबे ओतून बाथरूम स्वच्छ पण केलं. खालच्या खोलीच्या छताला पिवळा डाग पडला, पुस्तकाएवढा. आणि मी काय केलं, गप्प बसले. दोन दिवस होस्ट बाबा टॉर्च घेऊन पाइप कुठं गळतोय ते शोधत होते, तिसऱ्या दिवशी सांगितलं. छतापेक्षा ते दोन दिवस मला जास्त लागले.

बाकी बारीकसारीक तिथं गेल्यावर कळेलच. थंडीतसुद्धा हीटर बंद करून खिडकी सताड उघडायची पाच-दहा मिनिटं, नाहीतर भिंतीला बुरशी. कचऱ्याचे डबे वेगवेगळे, पहिल्याच दिवशी विचारून फोटो काढून ठेव. रविवारी दुकानं बंद. पाण्याची प्लास्टिकची बाटली फेकू नकोस, दुकानात परत दिली की 25 सेंट मिळतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत टाऊन हॉलमध्ये पत्ता नोंदवायचा, त्याला घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो, तो आधीच मागून ठेव. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी कुणाला शुभेच्छा देऊ नकोस, अपशकुन मानतात.

बॅगेचं म्हणशील तर पेढे आणि तूप काढून टाक, युरोपात बाहेरनं दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आईला कितीही वाईट वाटू दे. बेदाणे ने, हळद ने, आपल्या सांगलीच्या दोन्ही मालाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, टेबलावर बोलायला तेवढाच विषय. हळद मात्र त्यांच्या पांढऱ्या ओट्यावर सांडू नकोस, इथं डाग उन्हात टाकला की उडतो, तिथं डिसेंबरात ऊन आणणार कुठनं. कणीक तिथंच घे, पाकिटावर 405 लिहिलेलं पीठ म्हणजे आपला मैदाच जवळजवळ, 1050 बघ. आणि फोडणी द्यायच्या आधी विचार, खिडकी उघड, स्मोक अलार्म मोहरीला ओळखत नाही.

फोनचं आईशी आत्ताच ठरव. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. आई रात्रीचं आवरून दहाला फोन करणार, तेव्हा उन्हाळ्यात तिथं ब्रेडची टोपली टेबलावर आलेली असणार, आणि जेवताना फोन घेतलेला त्यांना खपत नाही.

शनिवारी संध्याकाळी घरी ये, थालीपीठ करतेय, लोणीसुद्धा आहे. अजून वाढू का म्हणून मी एकदाच विचारणार आहे.

तुझी ताई
विश्रामबाग, सांगली